वाड्यावरची वही

लहानपणी दर्यापूरकडच्या आमच्या गावी एसटीतून उतरलं, की पारावरचा एखादा बुढा हमखास विचारायचा, "कोनाची व्हय वं तू?" नाव सांगून भागायचं नाही. मग बापाचं नाव, मग आबाजीचं, मग "खालतं पुऱ्यातल्या मास्तरची काय?" असं करत करत त्याच्या मनात आपली जागा एकदाची सापडली, की तो "हाव, हाव" करत मान हलवायचा आणि आपण पिशवी सावरत घराकडं निघायचं.

हा प्रश्न गावातल्या एकाच घरच्या पोरांना कोणी विचारत नसे. ती अमरावतीहून सुटीला आली, की पारावरचे लोक आपसांत एवढंच म्हणत, "गढीवरचे आले."

त्या घराचं आडनाव देशमुख. पण गावात देशमुखांची आणखी आठ घरं होती आणि त्यांतली दोन-तीन तर रोजमजुरीवर चालायची. त्यांना कोणी गढीवरचे म्हणत नसे. नुसतं आडनाव पुरत नव्हतं. तेव्हा ते कळत नव्हतं, पण खटकायचं. आता पन्नाशी उलटल्यावर माझ्या बापाच्या आणि आईच्या अशा दोन गावांचे शब्द शेजारी शेजारी ठेवून पाहते, तेव्हा वाटतं, की पिढ्यान्‌पिढ्या वजन राखून असलेल्या घरांना दरबारानं दिलेले शब्द वेगळे आणि गावानं दिलेले वेगळे. दरबारचे शब्द हुद्द्याचे. गावाचे शब्द भिंतींचे.

आमच्या गावची गढी म्हणजे वस्तीच्या मधोमध पांढऱ्या मातीचं मोठं टेकाड. चार बुरुजांपैकी दोन माझ्या जन्माआधीच ढासळलेले. वर चढायला दगडी वाट, लोखंडी खिळ्यांचा दरवाजा, आत वाडा. वऱ्हाडात अशा गढ्या कितीतरी गावांत आहेत. जुनी माणसं वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात आणि वावराला काळी. गढी म्हणजे त्या पांढरीचा सगळ्यात उंच ढीग. धाब्याच्या घरावर मिरगाच्या आधी ही माती घालावी लागते, नाहीतर पहिल्याच पावसात घर गळतं. माझी आजी टोपलं घेऊन गढीच्या पायथ्याशी जायची. जाण्याआधी वर निरोप द्यावा लागे. नाही कोणी म्हणत नसे, तरी निरोप द्यावाच लागे. आणि माती खणताना वरून गढीवरच्या मोठ्या बाई डोकावल्या, की आजी पावडं खाली ठेवून, पदर सावरून उभी राहायची. आजीच्या डोक्यावरच्या छपराची माती त्यांच्या पायाखालची होती.

देशमुख हा शब्द परगण्याचा. परगण्याच्या वसुलीचा प्रमुख तो देशमुख, त्याचा हिशेबनीस देशपांडे, आणि गावात पाटील. वऱ्हाड निजामाकडून १८५३ साली इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. पुढं रयतवारी मोजणी झाली, सारा थेट वावर कसणाऱ्याच्या नावावर बसला आणि देशमुखांच्या हातचं वसुलीचं काम सुटलं. काम सुटलं तरी शब्द आडनाव होऊन राहिला, भाऊवाटण्यांत वाटला गेला, आणि म्हणून आमच्या गावात त्याची नऊ घरं झाली. त्यातलं एकच उंचावर होतं.

आडनावावरून माणूस जोखू नये, हे मला घरातच शिकायला मिळालं. पापळ या अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यात १८९८ साली जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुखही याच आडनावाचे. मध्य प्रांत-वऱ्हाडचे मंत्री असताना त्यांनी कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यासाठी कर्ज लवाद कायद्याचा पाठपुरावा केला. तो १९३३ साली झाला. पुढं ते देशाचे कृषिमंत्री झाले. अमरावतीला त्यांनी उभ्या केलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळेत माझे वडील शिकले आणि मास्तर झाले. आमच्या घरात भाऊसाहेब म्हटलं, की ते पंजाबरावच. ते नाव घेताना वडिलांचा आवाज जसा व्हायचा, तसा गढीचं नाव घेताना मी कधी ऐकला नाही.

आईचं माहेर भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या पुढं, झाडीपट्टीत. तिकडं गढी नाही, कापूस नाही. धानाच्या बांध्या, बांध्यांच्या धुऱ्यांवर झाडं, आणि गावाला लागून मोठा तलाव. त्याला सगळे मामा तलाव म्हणायचे. मामाचं गाव, म्हणून मामा तलाव, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. माझ्या मामाचा तलाव. उन्हाळ्यात पाळीवर बसून कमळकाकडी खाताना मला त्या मालकीचा अभिमान वाटायचा. कॉलेजात गेल्यावर एका सरकारी पाटीवर पूर्ण नाव वाचलं: माजी मालगुजारी तलाव. मा. मा. तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे हजारो आहेत. हुद्दा गेला म्हणून सरकारनं त्याला 'माजी' लावलं, कारकुनानं दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षर घेतलं, आणि गावानं त्यातून नात्याचा शब्द काढला.

मालगुजार हा शब्द मी पुढं नीट समजून घेतला. फारसी शब्द. माल म्हणजे इथं सरकारी सारा, गुजार म्हणजे चुकता करणारा. नागपूरकर भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी १८५४ साली खालसा केलं, १८६१ साली मध्य प्रांत झाला. मग जमाबंदीत, भोसल्यांच्या वेळी गावचा वसूल गोळा करून भरणाऱ्यांनाच त्यांनी गावाचे मालक ठरवलं. वऱ्हाडात नाही, पण नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा म्हणजे आजच्या चंद्रपूरकडं ही रीत. गाव सोळा आण्यांचं धरायचं, मग कोणी आठ आण्याचा मालगुजार, कोणी चार आण्याचा. त्यांतला सरकारला जबाबदार असलेला तो लंबरदार, आणि या शब्दात तर इंग्रजी नंबरच बसला आहे. आईच्या गावचे सोळा आणे एकाच घराचे होते.

शब्द नीट पाहा. मालगुजार म्हणजे भरणारा. तहसिलीच्या टेबलापुढं हे खरंच होतं, तिथं तो पैसे मोजत होता. गावानं त्याला भरताना कधी पाहिलंच नाही. गावाला तो माहीत होता घेणारा म्हणून. देशमुख घ्या, मालगुजार घ्या, लंबरदार घ्या, या सगळ्या शब्दांचं तोंड सरकारकडं आहे. गावाकडं त्यांची पाठ आहे. म्हणून गावानं आपला शब्द घडवला आणि तो घराचा घडवला. वऱ्हाडात गढीवरचे, झाडीत वाड्यावरचे. समोरासमोर मालक, पाठीमागं वाडा. "वाड्यातून बोलावणं आलं", "वाड्याले विचारा लागन", "वाडा काही म्हणणार नाही." जणू भिंतींनाच जीभ असावी. आणि त्या तलावावरही वाड्याचं नाव पूर्ण न्यायानं बसत नाही. झाडीतले कितीतरी जुने तलाव गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी जागा हेरून, पाळ घालून, पाट काढून उभे केले. मालगुजारी त्यानंतरची. तलावाच्या नावात शेवटचा मालक राहिला, बांधणारे राहिले नाहीत.

माझे आईकडचे आबाजी या वाड्यावर दिवाणजी होते. मामा गेल्यावर दोन वर्षांपूर्वी मामीनं माळा आवरायला घेतला, तेव्हा त्यांची एक वही सापडली. लांबट, लाल कापडाच्या बांधणीची, कडा वाळवीनं खाल्लेल्या. कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही. साल १९४८ ते ४९. अक्षर बारीक आणि शिस्तीचं, शाई तपकिरी पडलेली. मी ती चार दिवस मांडीवर घेऊन बसले.

पहिल्या दिवशी एका पानावर अडले. डाव्या बाजूला लिहिलं होतं, 'कुळाचार, महालक्ष्म्या', आणि खाली तांदूळ, गूळ, तूप, सोळा भाज्या, सुवासिनींची लुगडी. उजव्या बाजूला लिहिलं होतं, 'कुळे, बाकी', आणि खाली वीसेक नावं, प्रत्येकापुढं किती खंडी धान यायचं ते. एका पानावर एकच शब्द दोनदा. डावीकडं कुळ म्हणजे वाड्याचा वंश, देव, आचार. उजवीकडं कूळ म्हणजे वाड्याची जमीन कसणारा. डावीकडच्या कुळाचा सण उजवीकडच्या कुळांच्या धानावर होत होता आणि माझे आबाजी दोन्ही एकाच टाकानं लिहीत होते. १९५८ साली विदर्भासाठी जो कायदा झाला त्याला आपण आजही कूळ कायदा म्हणतो. त्यातलं कूळ उजव्या बाजूचं. लग्नाच्या बायोडाट्यात मामेकुळ लिहितात ते डाव्या बाजूचं.

मराठीत असे शब्द आणखी आहेत. बडी असामी म्हणतो आपण. असामी मूळ अरबी, नावं या अर्थाचा, आणि सारावसुलीच्या भाषेत असामी म्हणजे यादीत नाव असलेला साधा शेतकरी, देणेकरी. मातब्बर म्हणजे मुळात ज्याचा भरवसा धरावा असा. हा शब्द मला फार आवडतो, कारण त्यात गावाची एक आशा आहे. श्रीमंत घर भरवशाचं असावं, दुष्काळात त्यानं पेव उघडावं, पोरीच्या लग्नाला हात द्यावा. काही घरांनी हे केलंही. आईच्या गावचा वाडा त्यांतला होता. एका वाईट सालात वाड्यानं कोठार उघडलं होतं, हे मामी आजही सांगते, आणि त्यासाठी तिच्या मनात जी कृतज्ञता आहे ती मी खोटी ठरवणार नाही. पण त्या धानाची नोंदही कीर्दीत आहे. पुढच्या सुगीला ते सवाईनं परत आलेलं आहे.

तिसऱ्या दिवशी मी सालदारांच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीनं ठेवलेल्या गड्यांच्या पानावर आले. गुढीपाडव्याला साल ठरायचं, म्हणून ती नावं पाडव्याच्या तारखेखाली. सोळा नावं. वाड्यातली माणसं त्या वहीत श्रीमंत, राव, जी, बाईसाहेब अशी पूर्ण पोशाखात येतात. सावकार येतो तो शेठ लावून. सालदार मात्र नुसते: सोम्या, मंगऱ्या, बुध्या. ज्या वारी जन्मला तो वार, आणि शेवटी 'या'. बापाचं नाव नाही, आडनाव नाही. पुढं ठरलेलं धान, एक कांबळं, जोड्याची एक जोडी, उचल. बुध्यापुढं आबाजींनी एक शब्द जास्त लिहिला आहे: 'पिढीजाद'.

तो शब्द मला त्या रात्री झोपू देईना. बुध्याचा बाप वाड्यावर होता, आजा वाड्यावर होता. तीन पिढ्या एकाच गोठ्यात, एकाच तलावाच्या पाटावर, एकाच बांध्यांत. वाड्यावरच्या तीन पिढ्यांना आपण घराणं म्हणतो, खानदान म्हणतो, तालेवार म्हणतो, मोठं खटलं म्हणतो. बुध्याच्या तीन पिढ्यांना माझ्या भाषेत एक विशेषण मिळालं, तेही आबाजींनी उचलीचा भरवसा लिहून ठेवावा म्हणून घातलेलं. इतकी वर्षं मी मराठी शिकवते. घराणं हा शब्द मी शेकडो वेळा फळ्यावर लिहिला असेल, आणि त्याला किती उंच उंबरा आहे हे मला वाळवीनं खाल्लेल्या एका पानानं दाखवलं.

कायदे आले. मध्य प्रदेश सरकारचा मालकी हक्क संपवणारा कायदा १९५० सालचा, अंमल ३१ मार्च १९५१ पासून. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती आणि आमच्या दोन्ही गावांचा कारभार तिथूनच चालायचा. गाव, तलाव, पडीत, रस्ते सरकारजमा झाले. सीर आणि खुदकाश्त म्हणजे घरची जमीन मात्र वाड्याकडं राहिली, आणि ती थोडी नव्हती. मग १९६१ सालचा कमाल जमीन धारणेचा कायदा, गावाच्या तोंडी सिलिंग. १९७५ साली मर्यादा आणखी खाली आली, कोरडवाहूला ५४ एकर. कोणी जमीन पुतण्यांच्या नावावर केली, कोणी देवाच्या, कोणी सुनेच्या. तरीही थोडी सुटली आणि वाटली गेली.

याच काळात शब्दानं घर बदललं. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. मग सोसायटी, जिल्हा बँक, बाजार समिती, शाळा-कॉलेजांच्या संस्था. वाड्यावरच्या माणसाला आता अध्यक्ष, सभापती, चेअरमन म्हणू लागले. घराणेशाही हा शब्द वर्तमानपत्रातला, गावात तो कोणी बोलत नाही. गाव अजूनही घराच्या भिंतींचंच नाव घेतं. पुसदला नाईक घराण्याच्या राजकारणाला लोक 'बंगला' म्हणतात. तिथल्या गहुली तांड्यात जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते आणि पुतणे सुधाकरराव १९९१ ते १९९३. तांड्याच्या नायकाचा मान मुंबईपर्यंत गेला, ही बंजारा समाजासाठी केवढी मोठी गोष्ट होती हे मला माझ्या वर्गातल्या तांड्यावरच्या मुलींकडून कळलं. आणि अहेरीकडं आत्राम घराण्याला लोक आजही राजे म्हणतात, जमीनदारी जाऊन सत्तर वर्षं उलटली तरी. गढी, वाडा, बंगला, राजवाडा. मत मागायला येणारी माणसं बदलली, उंबरे फारसे बदलले नाहीत.

जमीन गेल्यावर सगळ्यात शेवटी उरतो तो मान. तो पोळ्याला दिसतो. आमच्या वऱ्हाडातल्या गावी तोरणाखालून पहिली जोडी गढीची जायची. बैलाच्या डोक्यावर मखर, झूल, शिंगांना बेगड. झडत्या, म्हणजे पोळ्याची यमकं जुळवलेली कवनं, म्हणणारे म्हणून घ्यायचे, "हर बोला हर हर महादेव" व्हायचं, आणि मखराची जोडी निघाल्याशिवाय दुसऱ्या कोणाचा पाय हलत नसे. आठ-दहा वर्षांपूर्वी मी पोळ्याला गेले तेव्हा गढीवर ट्रॅक्टर होता, बैल नव्हते. पोरं पुण्याला. एकटे म्हातारे देशमुख काका गढी उतरून खाली आले होते, धोतर-टोपीत, काठी टेकत. मखर मात्र आणलं होतं. ते खालतं पुऱ्यातल्या एका पोराच्या बैलांना बांधलं. त्याचा आजा गढीवर सालदार होता. गाठ बसेना. काका वाकले आणि स्वतः बांधायला लागले, हात कापत होते. पोरानं कासरा धरला होता आणि तो हळूच म्हणाला, "राहू द्या काका, मी बांधतो." दोघांनी मिळून बांधली. जोडी निघाली. गढीचा मान म्हणून निघाली, पण लोकांनी हाक पोराच्या बैलांना दिली, त्यांच्या नावानं. त्या दिवशी काकांच्या डोळ्यांत जे होतं त्याला मी हरणं म्हणू शकत नाही.

वहीतल्या सोळा नावांकडं परत येते. मी आणि मामीनं ठरवलं, की त्या 'या' लावलेल्या नावांपुढं पूर्ण नावं लिहायची. मामी घरोघर फिरली. मतदार याद्या पाहिल्या, शाळेचे दाखले काढले, मंडईला, म्हणजे झाडीतल्या गावजत्रेला, गाव जमलं तेव्हा म्हाताऱ्यांना गाठलं. सोळांपैकी सात सापडली. काही घरं कामाला नागपूरकडं गेली ती गेलीच.

बुध्याचं घर होतं, तलावाच्या खालच्या अंगाला. त्याची धाकटी सून तेवढी हयात. वय ऐंशीच्या पुढं, डोळ्याला जाड भिंग, ऐकू नीट येतं. रोवण्याचे दिवस, सगळं घर बांध्यांत होतं, ती एकटी ओट्यावर बसली होती. मामीनं वही दाखवली, बोटानं ओळ दाखवली, वाचून दाखवली. बाई हसली. "हो जी, तोच," म्हणाली.

मी विचारलं, "त्यांचं पूर्ण नाव काय होतं, आजी?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "मी कसी घेऊ जी सासऱ्याचा नाव?"

गल्लीत खेळणाऱ्या पणतूला तिनं हाक मारली. "सांग ना बाईले, आपल्या बुढ्याचा नाव का होता?" पोरगं माझ्याकडं पाहत राहिलं. त्याला माहीत नव्हतं. ती उठली, भिंतीला धरत आत गेली. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेला कागद होता. सिलिंगच्या जमिनीचा पट्टा. वाड्याकडून सुटलेल्या जमिनीतले तीन एकर, भोगवटादार वर्ग दोन. घडीवर कागद फाटला होता आणि मागून पातळ कापड चिकटवलं होतं.

तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. टाइप केलेले तीन शब्द होते. नाव, बापाचं नाव, आडनाव.

मी ते मोठ्यानं वाचले. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.